डिझेल गाडी गरम झाली की परत चालू का होत नाही?

सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होणारी गाडी. पुण्याहून निघते, खंबाटकी घाट चढते-उतरते, कुठे ओढ कमी नाही की धूर नाही. सुरूरजवळ चहाला पंधरा-वीस मिनिटं थांबता, परत येऊन किल्ली फिरवता आणि सेल्फ नुसताच फिरत राहतो. इंजिन पकडतच नाही. फिटरला फोन करता, तो येईपर्यंत पाऊण तास जातो, त्यानं सेल्फ मारला की गाडी चालू! तो म्हणतो, "गाडीत काही नाही."

गाडीत काहीतरी नक्की असतं. फक्त ते गरम असतानाच दिसतं. आपल्याकडे मारुतीची डिझेल स्विफ्ट २००७ मध्ये आली आणि त्या सुमारापासून कॉमन रेल इंजिनं छोट्या गाड्यांतही पसरली. त्यातल्या कितीतरी गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत, कुणी भाड्यानं चालवतंय, कुणी तासगाव-विट्याकडून रोज ये-जा करतंय. अशा माणसाला या एका तक्रारीपायी आधी बॅटरी, मग फिल्टर, मग हीटर प्लग, मग पंप असं एकेक बदलत जावं लागतं, आणि पैसे संपले तरी तक्रार तशीच राहते. हे थांबवता येतं. त्यासाठी इंजिन चालू होताना आत काय घडतं, एवढं समजून घ्यायला हवं.

डिझेल पेटतं कसं

पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी असते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टन दाबतो, आताच्या बऱ्याच गाड्यांत साधारण सोळा-सतरा पट. इतकी दाबलेली हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डीझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ मध्ये चाललं ते याच तत्त्वावर, आणि तुमची गाडीही त्याच तत्त्वावर चालते.

म्हणजे चालू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात. सेल्फनं इंजिन पुरेशा वेगानं फिरवलं पाहिजे. डिझेल पुरेशा दाबानं इंजेक्टरपर्यंत आलं पाहिजे. आणि कोणत्या क्षणी फवारा सोडायचा, हे गाडीच्या कॉम्प्युटरला (फिटर त्याला ईसीएम म्हणतात) कळलं पाहिजे. गरम इंजिनात हवा आधीच ऊबदार असते, त्यामुळे पेट घेण्याचा प्रश्न सहसा येत नाही. अडचण असते ती या तिघांपैकी एकात.

दाबाची अट

कॉमन रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी एक जाड, बंद नळी. हाय प्रेशर पंप तिच्यात डिझेल ठासून भरतो आणि ईसीएम विजेच्या इशाऱ्यानं एकेक इंजेक्टर उघडतो. ही पद्धत मोटारीत पहिल्यांदा १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मधून बाजारात आली. गाडी जोरात पळत असते तेव्हा या नळीत सोळाशे बार किंवा त्याहून जास्त दाब असू शकतो. तुमच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. सेल्फ मारताना रेलमधला दाब एका ठरावीक आकड्याच्या वर गेल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. बहुतेक गाड्यांत हा आकडा दीडशे ते अडीचशे बारच्या दरम्यान कुठेतरी असतो; नेमका किती, ते त्या इंजिनच्या माहितीपत्रकात मिळतं. दाब तिथपर्यंत पोचला नाही, तर सेल्फ कितीही वेळ मारा, सिलिंडरमध्ये डिझेलचा थेंब जाणार नाही. म्हणून अशा वेळी एक साधी गोष्ट बघायला सांगा: कुणीतरी सेल्फ मारत असताना दुसऱ्यानं सायलेन्सरकडे पाहावं. पांढरट-करडा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण जळत नाहीये. अजिबात धूर नसेल तर डिझेल जातच नाहीये. गरम गाडीच्या तक्रारीत बहुधा दुसरा प्रकार दिसतो.

गरम झाल्यावर दाब का बनत नाही

तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला हे पटकन कळेल. ड्रिपची मोटर जुनी झाली आहे आणि लाइनीला चार ठिकाणी गळती आहे. मोटर पूर्ण वेगानं फिरते तेव्हा ती गळती सोसूनही दाब धरते, शेवटच्या ओळीपर्यंत पाणी जातं. पण व्होल्टेज पडलं, मोटर हळू फिरायला लागली की जेवढं पाणी ती ढकलते तेवढं गळतीतूनच जातं आणि शेवटच्या ओळीचे ड्रिपर कोरडे राहतात. लाइन तीच, गळती तीच. फरक मोटरच्या वेगाचा.

इंजिन चालू असताना हाय प्रेशर पंप वेगात फिरतो, म्हणून गळती झाकली जाते आणि गाडी घाटसुद्धा चढते. सेल्फवर मात्र इंजिन मिनिटाला दोनशे-अडीचशे फेरेच घेतं. पंप तेवढाच हळू फिरतो आणि गळती उघडी पडते.

ही गळती बाहेर दिसत नाही. बॉनेट उघडून खाली डिझेल सांडलेलं सापडणार नाही, कारण ती इंजेक्टरच्या आत असते. प्रत्येक इंजेक्टर थोडंसं डिझेल रिटर्नच्या बारीक नळीतून टाकीकडे परत पाठवतो. ती त्याची रचनाच आहे. आतले भाग झिजले की हे परत जाणारं डिझेल वाढतं. गॅरेजमध्ये म्हणतात, "इंजेक्टर रिटर्न मारतोय." आतली फट अवघ्या दोन-चार मायक्रॉनची, म्हणजे हजार भाग केलेल्या मिलिमीटरातले दोन-चार भाग. पाणी किंवा बारीक कचरा मिसळलेलं डिझेल हेच भाग खातं.

आता उष्णतेचं काम. डिझेल तापलं की पातळ होतं. चाळीस अंशांवर त्याचा जो दाटपणा असतो, तो ऐंशी अंशांवर जवळपास निम्म्यावर येतो. दाट डिझेल झिजलेल्या फटीतून कमी निसटतं, पातळ डिझेल भराभर निसटतं. म्हणून तीच गाडी सकाळी सहाला पहिल्या सेल्फला चालू होते आणि दुपारी होत नाही. एप्रिलमध्ये जत-आटपाडीकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हा टाकीतलं डिझेलही गरमच असतं. टाकी तळाला गेली असेल तर आणखी गरम, कारण रेलमधून तापून परत आलेलं डिझेल थोड्याशाच साठ्यात मिसळत राहतं.

झिजलेला हाय प्रेशर पंप, आणि पंपावरचा किंवा रेलवरचा दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह अडकलेला किंवा गळका असणं, यानंही हेच होतं. पण तपासणीत आधी इंजेक्टर बघावेत, कारण ती परीक्षा सोपी आणि स्वस्त आहे.

आणि नेमकं चहाच्या थांब्यालाच का?

गाडी बंद करून लगेच किल्ली फिरवली तर पुष्कळदा ती चालू होते. तासाभरानं फिरवली तरी होते. दहा ते तीस मिनिटांच्या मध्ये मात्र नाही. याला कारण आहे. इंजिन चालू असताना पाणी फिरत असतं, पंखा आणि समोरचा वारा बॉनेटखालची गरमी बाहेर काढत असतो. इंजिन बंद झालं की दोन्ही थांबतं, पण लोखंडात साठलेली उष्णता तशीच असते. ती आजूबाजूच्या भागांत शिरते. म्हणून बंद केल्यानंतर पहिली काही मिनिटं पंप, सेन्सर, वायरी, सेल्फ हे सगळे धावतानापेक्षाही जास्त तापतात. मग हळूहळू निवतात. यवतेश्वरचा घाट चढून वर जाऊन गाडी लावली, तर ती बंद होते त्याच क्षणी ही गरमी वाढायला लागते.

क्रँक सेन्सर

दुसरा संशयित खूप छोटा आणि इंजेक्टरच्या मानानं फार स्वस्त आहे. इंजिन किती वेगात फिरतंय आणि पिस्टन कुठे आहे, हे ईसीएमला क्रँक सेन्सर सांगतो. तो सहसा गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ किंवा पुढच्या पुलीजवळ, इंजिनला अगदी चिकटून बसवलेला असतो. काही सेन्सरमध्ये बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्या तारेला कुठे बारीक तडा गेला असेल तर थंड असताना टोकं जुळलेली राहतात, तापल्यावर फाकतात आणि संदेश बंद होतो. दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरात तारेऐवजी छोटं इलेक्ट्रॉनिक्स असतं. तेही तापल्यावर दगा देतं.

याची खूण डॅशबोर्डवर मिळू शकते. बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडासा हलतो. तो गरम गाडीत शून्यावर ढिम्म राहतो आणि थंड गाडीत हलतो, असा फरक दिसला तर संशय सेन्सरवर घ्यावा. सगळ्याच गाड्यांत काटा इतका बोलका नसतो, म्हणून पक्कं करायचं ते स्कॅनर (ईसीएममधले आकडे आणि दोषाचे कोड दाखवणारं यंत्र) लावून: सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसतोय का ते बघायचं.

या सेन्सरबद्दल एक गोष्ट गांभीर्यानं घ्यावी. तो थांबल्यावर जसा रुसतो तसा चालतानाही जाऊ शकतो, आणि मग इंजिन एकदम बंद पडतं. घाटात इंजिन बंद म्हणजे ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदत जाते. पसरणी किंवा कुंभार्ली घाटात रोज गाडी घालणाऱ्यानं ही तक्रार पुढच्या आठवड्यावर ढकलू नये.

सेल्फ स्वतःच दमला असेल तर

तापलेल्या सेल्फच्या वेटोळ्यांचा विरोध वाढतो, जुने ब्रश आणि बुश त्रास देतात आणि तो हळू फिरतो. कधी नुसता "टक" असा आवाज येऊन थांबतो. कानाला फरक कळतो: सकाळचा सेल्फ आणि दुपारचा सेल्फ, दोन्ही फोनवर रेकॉर्ड करून फिटरला ऐकवा. सेल्फ मारताना बॅटरीवर साडेनऊ व्होल्टच्या खाली आकडा जात असेल तर आधी बॅटरी, तिची टर्मिनल्स आणि इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बघावी. गंजलेली पट्टी नवीन सेल्फलाही हळू फिरवते.

धक्का मारल्यावर चालू होते का?

गावाकडच्या लोकांनी ही परीक्षा नकळत हजार वेळा केली आहे, पण तिचा निष्कर्ष मात्र फिटरला सांगितला जात नाही. मॅन्युअल गिअरची गाडी उतारावर किंवा धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये सोडली की इंजिन सेल्फपेक्षा कितीतरी जास्त वेगानं फिरतं. तशी ती पटकन चालू झाली, तर क्रँक सेन्सरचा संदेश नीट जातोय, वेग वाढल्यावर दाबही बनतोय. कमी पडत होता तो सेल्फचा वेग किंवा जास्त होती ती गळती. ढकलूनही अजिबात पकडली नाही, तर सेन्सर, वायरिंग किंवा इमोबिलायझरकडे (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा) बघावं. फारच जास्त गळती असलेली गाडी ढकलूनही चालू होत नाही, म्हणून हा शेवटचा निकाल नव्हे, पण दिशा नक्की मिळते. ढकलताना किल्ली चालू ठेवा म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही, ब्रेक जड लागतील हे लक्षात असू द्या, आणि महामार्गावर हे करू नका. ऑटोमॅटिक गाडीला ही परीक्षा लागू नाही.

तपासणी गरम असतानाच

सगळ्या लेखातलं मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते हे. रात्रभर उभी राहिलेली, थंड गाडी गॅरेजमध्ये देऊन आलात तर सगळे आकडे बरोबर येतील. फिटरला आधी फोन करा, गाडी तासभर चालवून तापवून न्या, त्याच्या दारात बंद करा आणि पंधरा मिनिटांनी त्याच्यासमोर सेल्फ मारा. तेव्हाच स्कॅनर लावलेला असू द्या.

स्कॅनरवर चालू आकडे बघायचे: आरपीएम आणि रेलचा दाब. आरपीएम शून्य, तर सेन्सर किंवा त्याची वायर. आरपीएम दोनशेच्या वर आहे पण दाब साठ-सत्तर बारवरच घुटमळतोय, तर गळती किंवा पंप. आरपीएमच शे-दीडशे, तर सेल्फ-बॅटरी. दोन्ही आकडे उत्तम आणि तरी चालू नाही, तर मग इमोबिलायझर, इंजेक्टरची वायरिंग, क्वचित दाब मोजणारा सेन्सरच खोटं बोलतोय का, असा पुढचा शोध. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते न करता पंप उतरवणाऱ्याला थांबवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दाब कमी निघाला तर रिटर्नची परीक्षा करायची. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी काढून तिथे पारदर्शक नळी आणि छोटी बाटली लावतात आणि ठरावीक वेळ इंजिन चालवतात किंवा सेल्फ मारतात. चारही बाटल्यांत साधारण सारखं डिझेल आलं पाहिजे. तिघांत थोडं आणि एकात काठोकाठ, तर गुन्हेगार सापडला. चारही भरल्या तर सगळेच झिजलेत. चारही जवळपास रिकाम्या आणि दाब तरी कमी, तर नजर पंपाकडे आणि व्हॉल्व्हकडे वळते. पिझो प्रकारचे (विजेनं प्रसरण पावणाऱ्या स्फटिकावर उघडणारे) इंजेक्टर असतील तर परीक्षेची पद्धत वेगळी असते. ते काम पंप-नोझलच्या जाणकारानंच करावं.

एक कळकळीची सूचना. जुन्या डिझेल इंजिनात नळीचा नट सैल करून एअर काढायची सवय होती. कॉमन रेलमध्ये इंजिन चालू असताना किंवा सेल्फ मारताना हाय प्रेशर नळीला पाना लावायचा नाही, गळती शोधायला बोट फिरवायचं नाही. त्या दाबाचा फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण हात वाचवायला तातडीची शस्त्रक्रिया लागते.

"स्कॅनरवर कोडच आला नाही, मग?"

कोड नसणं म्हणजे दोष नसणं नव्हे. पी ०३३५ हा क्रँक सेन्सरच्या सर्किटचा आणि पी ००८७ हा रेलचा दाब फार कमी असल्याचा कोड. ते आले तर दिशा मिळते. पण सेन्सरचा संदेश पूर्ण बंद असेल तर काही गाड्यांच्या ईसीएमला इंजिन फिरतंय हेच कळत नाही. त्याच्या लेखी गाडी उभी आहे, मग तक्रार कशाची नोंदवणार? म्हणून कोडपेक्षा सेल्फ मारतानाचे चालू आकडे महत्त्वाचे.

"हीटर प्लग बदलून बघू का?"

हीटर प्लग म्हणजेच ग्लो प्लग थंड इंजिनातली हवा तापवायला मदत करतात. सकाळी त्रास आणि दुपारी ठीक, असं असेल तर त्यांच्याकडे बघा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी लांब सेल्फ लागत असेल तर लाइनीत हवा शिरतेय का तेही बघा. तुमची तक्रार याच्या बरोबर उलटी आहे.

काही जण कूलंटच्या सेन्सरची (इंजिनच्या पाण्याचं तापमान ईसीएमला सांगणाऱ्या सेन्सरची) पिन काढतात आणि गाडी चालू होते. ईसीएमला वाटतं इंजिन थंड आहे, म्हणून ते चालू करताना डिझेल जास्त सोडतं. हळू सेल्फच्या काही गाड्यांत हा उपाय लागू पडतो, पण मूळ दुखणं तसंच राहतं. आणि एअर फिल्टरपाशी पेट्रोलचं फडकं धरून गाडी चालू करण्याचा प्रकार तर करूच नये. पेट्रोलची वाफ अवेळी पेटते, पिस्टन आणि फडकं धरणारा हात, दोन्ही धोक्यात येतात.

"माझी गाडी जुनी, पंपाची आहे"

१९९८ च्या मूळ टाटा इंडिकासारख्या गाड्यांत कॉमन रेल नाही, फिरता पंप आहे. तिथेही गरम डिझेल पातळ होऊन पंपाच्या झिजलेल्या भागांतून निसटतं. जुने फिटर पंपावर ओलं फडकं टाकतात. पंप निवला आणि गाडी चालू झाली तर पंप झिजलाय हे जवळपास ठरलं. बादलीभर गार पाणी मात्र ओतू नका. बाहेरचं कवच एकदम आकसलं आणि आतला भाग गरमच राहिला तर पंप अडकू शकतो.

"शेवटी चालू होतेय ना, चालवू द्या की"

दर वेळी वीस-तीस सेकंद सेल्फ मारल्यानं सेल्फ आणि बॅटरी दोन्ही लवकर जातात. पण त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. इंजेक्टर रिटर्नमधूनच नाही तर टोकातूनही गळायला लागला, तर कच्चं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली, डिपस्टिकला डिझेलचा वास आला, तर गाडी चालवणं थांबवा. टोकातून सतत गळणारा इंजेक्टर पिस्टनला भोक पाडू शकतो, आणि मग खर्च इंजिनच्या कामाचा होतो.

इंजेक्टरच निघाले तर

चारपैकी एकच खराब असेल तर चारही बदलायची सक्ती नाही, पण उरलेल्या तिघांची बेंचवर चाचणी करून कागद मागा. चांगल्या डिझेल सर्व्हिसवाल्याकडे प्रत्येक इंजेक्टर किती डिझेल सोडतो आणि किती परत पाठवतो याचे आकडे निघतात. नवीन इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. बऱ्याच गाड्यांत तो ईसीएममध्ये भरावा लागतो, नाहीतर आयडलिंग खडखडतं आणि लोक म्हणतात नवा पार्टच खराब. खालचा तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा घालायचा.

जुन्या फिल्टरमध्ये धातूची चमचमणारी पूड सापडली, तर मात्र हाय प्रेशर पंप आतून झिजून ती पूड पुढे पाठवतोय. अशा वेळी नुसते इंजेक्टर बदलले तर नवे इंजेक्टरही त्याच पुडीनं जातील. तेव्हा पंप, रेल, नळ्या आणि टाकी यांचं काम एकत्रच करावं लागतं, आणि त्या खर्चाचा आकडा ऐकून गाडीची आजची किंमत काय आहे, याचाही हिशोब मालकानं त्याच दिवशी गॅरेजमध्ये उभं राहून करावा.